गालिच्यावरील डाग व घरगुती इलाज

धोतर, साडी किंवा पलंगपोस यांवर डाग पडला असता तो काढण्याच्या कामी माणसाचा सर्वांत मोठा साहाय्यकर्ता म्हणजे वाहते पाणी होय. डागावर काय वाटेल ते चोळावे, ते उपयोगी पडो वा न पडो, अखेरीस कापड नळाखाली धरले म्हणजे चोळलेला पदार्थ आणि सुटलेला मळ दोन्ही एकदमच वाहून जातात, आणि उपाय चुकीचा असला तरी त्याची खूण बहुधा मागे उरत नाही. गालिच्याच्या बाबतीत हा मार्ग मुळातच बंद असतो. दिवाणखाना व्यापणारा लोकरीचा गालिचा पाण्याने भरला म्हणजे दोघांच्यानेही उचलवत नाही, त्याचा सुती पाया आकसून कडा वाकड्या होतात, आणि आतला ओलावा सुकण्यास इतके दिवस लागतात की तेवढ्यात त्यास कुबट वास येऊ लागतो. म्हणून या विषयातील पहिला नियम, आणि माझ्या मते ज्याच्या कसोटीवर बाकीचा प्रत्येक घरगुती इलाज घासून पाहावा असा नियम, हा की गालिच्यात जे घालावयाचे ते पुन्हा बाहेर काढता आले पाहिजे. आजीबाईच्या बटव्यातील पुष्कळसे उपाय कापडावर अव्वल दर्जाचे ठरतात आणि गालिच्यावर नुकसान करतात, याचे कारण त्या उपायांत दोष असतो हे नसून ते धुऊन टाकण्याची सोय तेथे नसते हे आहे.

हाताने गाठी मारून विणलेल्या गालिच्यात उभे-आडवे धागे बहुधा सुताचे असतात आणि त्यांवर लोकरीच्या गाठी मारून त्यांची टोके कापून समतल केलेली असतात. हीच गालिच्याची लव. लोकरीच्या तंतूचे बाहेरील आवरण खवल्याखवल्यांचे व किंचित पाणी झिडकारणारे असते, परंतु तंतूचा गाभा मात्र कमालीचा शोषक असून स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश इतकी बाष्परूप आर्द्रता तो हातास ओला न लागता सामावून घेऊ शकतो. याचा व्यावहारिक अर्थ असा, की सांडलेला चहा किंवा आमटी प्रथम काही क्षण लवेवर थबकते, मग हळूहळू आत उतरते, आणि एकदा खालच्या सुती पायापर्यंत पोहोचली की तेथून वातीतून तेल चढावे तशी चहूकडे पसरते. ते पहिले काही क्षण ज्याने साधले त्याचे निम्मे काम झाले. त्या क्षणी औषध शोधण्यास स्वयंपाकघरात धावू नये. जुन्या धोतराचा, पंचाचा किंवा कोणत्याही पांढऱ्या सुती कापडाचा घडीदार बोळा डागावर ठेवून तळहाताने दाबावा, तो भिजला की कोरडी बाजू पुढे करावी, आणि हे काम नेहमी डागाच्या कडेकडून मध्याकडे करावे. रंगीत फडके वापरू नये, कारण त्याचा रंग गालिच्यास लागण्याचा संभव असतो. आणि घासू तर मुळीच नये: घासल्याने लवेचा पीळ सुटतो, तंतू पिंजले जातात, आणि डाग पुढे निघून गेला तरी तेवढी जागा विस्कटलेलीच दिसते.

यानंतर दोन गोष्टींचा तपास करावा लागतो. गालिचा कशाचा आहे, आणि डाग कशाचा आहे. पहिलीचा उलगडा करण्यास कडेच्या झालरीजवळचा किंवा उलट बाजूचा एक लहानसा लवेचा धागा काढून चिमट्यात धरून ज्योतीस लावावा. लोकर असेल तर ती नाखुशीने जळते, ज्योत दूर करताच बहुधा विझते, जळक्या केसांचा वास देते आणि हाताने चुरडता येणारी काळी राख मागे ठेवते. सूत कागदासारखे भडकून करडी राख होते. आणि नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीन असल्यास ते वितळून त्याची कडक गुठळी बनते. हा तपास केवळ कुतूहलाचा नव्हे. लोकर हा केस व नखे यांप्रमाणे केराटिन नामक प्रथिनाचा पदार्थ असल्याने सौम्य अम्ल ती सुखाने सोसते, परंतु क्षार तिचा घात करतो. कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणात लोकरीचा धागा काही मिनिटांत विरघळून नाहीसा होतो. सुताची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. धुण्याचा सोडा सुती सतरंजीस निर्भयपणे लावता येतो, मात्र अम्ल तिच्यात सुकू दिले तर धागा कालांतराने कुजट व ठिसूळ होतो. तागाच्या जाजमास नुसते पाणीदेखील पिवळट-तपकिरी डाग पाडते. बाजारात हल्ली स्वस्त मिळणाऱ्या कित्येक गालिच्यांत गाठी मारलेल्या नसून लव पाठीमागून रबरी चिकाने डकवलेली असते. अशा गालिच्यावर स्पिरिट, रॉकेल किंवा टर्पेंटाइन ओतले तर डागाआधी तो चीकच सुटावयाचा. आणि धनगरांच्या हातच्या घोंगडीस चिंचोक्याची खळ दिलेली असल्यामुळे ती भिजवून धुतली म्हणजे खळ निघून जाते व तिचा तो कणखरपणा हरपतो. म्हणून घोंगडीवरील डाग जागच्या जागी, ओलसर फडक्यानेच काढावा.

लोकर आणि तिचे रंग जात्या किती चिवट असतात याची साक्ष देणारी एक वस्तू लेनिनग्राडच्या, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या, हर्मिटाज संग्रहालयात आहे. अल्ताय पर्वतातील पाझिरिक येथे १९४९ साली सेर्गेई रुदेंको या पुरातत्त्वज्ञास बर्फाने भरलेल्या एका प्राचीन थडग्यात गाठींचा गालिचा सापडला. तो इसवी सनापूर्वी चौथ्या-पाचव्या शतकातील मानला जातो, आणि त्यावरील घोडेस्वार व हरणे अद्याप ओळखू येतात. बर्फाने त्याच्यापासून प्रकाश, किडे आणि ओलाव्याची उलथापालथ ही तिन्ही दूर ठेवली. आपल्या घरातील गालिच्याच्या वाट्यास ही तिन्ही येतात, आणि त्यांत आपण अविचाराने वापरलेल्या साबणसोड्याची भर पडते.

म्हणून कोणतेही द्रावण डागावर नेण्यापूर्वी ते गालिच्याच्या एखाद्या झाकल्या कोपऱ्यावर थेंबभर लावून वर पांढरे ओले फडके दाबून ठेवावे. फडक्यावर रंग उतरला तर तो इलाज त्या गालिच्यापुरता बाद समजावा. तांबडे आणि गर्द निळे रंग या परीक्षेत अधिक वेळा नापास होतात, असा अनुभव आहे.

आता डागांकडे वळू. आपल्या घरांत सर्वांत अधिक हजेरी लावणारा डाग चहाचा, आणि तो दिसतो तितका साधा नाही. कारण आपला चहा म्हणजे एकट्या चहाच्या पत्तीचा काढा नव्हे, त्यात दुधाचे प्रथिन, दुधाचा स्निग्धांश आणि साखर अशी तीन निरनिराळ्या स्वभावांची द्रव्ये मिसळलेली असतात. पत्तीतील तुरट, टॅनिनवर्गीय रंगद्रव्ये अम्लात फिकी आणि क्षारात गडद होतात. कोऱ्या चहात लिंबू पिळताच त्याचा रंग उजळतो हे सर्वांनी पाहिले आहे, आणि त्यातच चिमूटभर सोडा टाकला तर तो काळपट होतो हेही कोणास करून पाहता येईल. चहाच्या डागावर साबण किंवा सोडा प्रथम लावणे यामुळेच अनिष्ट. आधी थंड किंवा कोमट पाण्याचा हलका शिडकावा करून टिपावे, म्हणजे साखर निघते. मग पेलाभर पाण्यात सौम्य भांडीधुण्याच्या द्रवाचे दोन-चार थेंब टाकून त्या पाण्याने दुधाचा अंश सोडवावा. मग एक भाग पांढरे व्हिनेगर आणि दोन भाग पाणी यांच्या मिश्रणाने उरलेला तपकिरी रंग टिपून काढावा. आणि शेवटी निव्वळ पाण्याने दोन-तीनदा टिपून सर्व काही बाहेर आणावे. कढत पाणी वापरण्याचा मोह टाळावा, कारण उष्णतेने दुधाचे प्रथिन तंतूत घट्ट बसते. साखर राहिली तर ती जागा चिकट होऊन धूळ धरते, आणि आठवड्याभरात डाग परत आला अशी तक्रार ऐकू येते. वस्तुतः तो चहाचा डाग नसून धुळीचा नवा डाग असतो. चहाच्या ओल्या डागावर टेबलाचा लोखंडी पाय मात्र येऊ देऊ नये. पूर्वी हिरडा व हिराकस यांपासून काळी शाई करीत ती टॅनिन आणि लोह यांच्या संयोगानेच बनत असे, आणि तीच क्रिया गालिच्यावर घडून काळे वर्तुळ उमटते.

हळदीचा डाग हा खास आपल्या संसारातला. विवाह, मुंज, हळदीकुंकू अशा प्रसंगी तो हटकून पडावयाचा, आणि गृहिणी त्यावर प्रथम साबण लावते तो डाग पिवळ्याचा लालभडक होतो, तेव्हा ती घाबरते. घाबरण्याचे कारण नाही. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य क्षाराच्या संगतीत तांबडे होते. हळदीवर चुन्याचा किंवा टाकणखाराचा संस्कार करून कुंकू बनविण्याची आपली जुनी हिकमत याच गुणधर्मावर आधारलेली आहे. साबणाने लाल झालेल्या जागेवर पातळ व्हिनेगर किंवा गाळलेला लिंबाचा रस लावताच ती पुन्हा पिवळी होते. पण पिवळी झाली म्हणजे स्वच्छ झाली असे नव्हे. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात व मद्यार्कात विरघळते. म्हणून आमटीच्या किंवा भाजीच्या डागातून प्रथम तेल काढावे, मग औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सर्जिकल स्पिरिटने, परीक्षा घेतल्यावरच, थोडे थोडे टिपावे, आणि मग सौम्य साबणद्रव व पाणी यांचा प्रयोग करावा. एवढे करूनही जी फिकट पिवळी छटा उरते तिच्यावर निसर्गानेच उपाय करून ठेवला आहे: सूर्यप्रकाशात कर्क्युमिन टिकत नाही. गालिचा उन्हात पसरून डागाखेरीज बाकीचा भाग जाड कापडाने झाकावा, म्हणजे त्याचे स्वतःचे रंग विटत नाहीत आणि डाग दोन-तीन दुपारी उन्हे खाऊन बहुतेक नाहीसा होतो. मला हा इलाज सर्व घरगुती इलाजांत श्रेष्ठ वाटतो, कारण गालिच्यात काही घालावे लागत नाही आणि म्हणून काही काढावेही लागत नाही.

पानाच्या पिंकेचा डाग याहून हट्टी. कातातील टॅनिन चुन्याच्या क्षाराने लाल होऊन तंतूस धरते, म्हणून तेथे पहिला उपाय अम्लाचा. पातळ व्हिनेगरने चुना मारावा व रंग टिपावा, आणि हे अनेकदा करावे लागते. कपड्यावरील पानाच्या डागास आंबट दही लावण्याचा प्रघात जुना आहे व त्यात तथ्यही आहे, कारण दह्यात लॅक्टिक अम्ल असते. परंतु गालिच्यात दह्याचे प्रथिन व लोणी रुतून बसते आणि पुढे ते कुजते, यास्तव तेथे दह्याचे नाव काढू नये. चिंचेचा कोळ तांब्यापितळेस लख्ख करतो, पण तिचा स्वतःचाच तपकिरी रंग गालिच्यास लागतो.

तेलतुपाच्या डागांवर पाण्याचा अंमल चालत नाही. समई लवंडली, दिवाळीच्या पहाटे उटण्याच्या वाटीतील तेल सांडले, किंवा पंगतीत तूप पडले, तर प्रथम घट्ट झालेले तूप चमच्याच्या कडेने अलगद खरवडून घ्यावे आणि मग त्या जागी एखादी शोषक भुकटी जाडसर पसरून रात्रभर तशीच ठेवावी. मुलतानी माती या कामी पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. लोकरीतील मेणचट अंश काढण्याकरिता या जातीच्या माती विणकर शतकानुशतके वापरीत आले. मात्र फिकट गालिच्यावर तिचा मातकट रंग राहू शकतो, म्हणून तेथे शंखजिऱ्याची पांढरी भुकटी अधिक बरी. डाळीचे किंवा तांदळाचे पीठही तेल शोषते, परंतु लवेत राहिलेले पीठ मुंग्यांना व किड्यांना आमंत्रण देते. तेव्हा या तिहींत मी शंखजिऱ्यास झुकते माप देईन. सकाळी भुकटी ब्रशाने झाडून काढावी, आणि डाग उरला असल्यास हीच क्रिया पुन्हा करावी. मेणबत्तीच्या मेणावर बर्फाचा खडा फिरवून ते ठिसूळ करावे व मोडून उचलावे. मागे राहिलेला अंश टीपकागद ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवल्यास कागदात येतो, पण वितळणाऱ्या कृत्रिम तंतूंवर इस्त्री टेकवू नये.

रक्त आणि दूध यांना थंड पाणी, हे एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुष्कळ झाले. ऊन पाण्याने अंडे जसे थिजते तसे त्यांतील प्रथिन थिजते. तान्ह्या मुलाची किंवा मांजराची लघवी ताजी असताना बहुधा किंचित अम्लधर्मी असते, परंतु ती तशीच राहिली की जंतूंच्या क्रियेने तिच्यातील युरियाचा अमोनिया होतो व ती क्षारधर्मी बनते, आणि लोकरीवरील पुष्कळसे रंग क्षारात सुटत असल्याने गालिच्याचा रंगच तेथे उतरतो. म्हणून टिपून घेतल्याबरोबर पातळ व्हिनेगरचा प्रयोग करावा, मग पाणी, आणि पूर्ण वाळल्यानंतर वास राहिला असल्यास खाण्याचा सोडा कोरडाच भुरभुरावा व काही तासांनी झाडून टाकावा.

या ठिकाणी एका फार पसरलेल्या समजुतीचा परामर्श घेणे अगत्याचे आहे. खाण्याचा सोडा पसरून त्यावर व्हिनेगर ओतले म्हणजे जो फेस उसळतो तो डाग उपटून काढतो, असे पुष्कळजण मनोभावे मानतात. तो फेस कार्बन डायऑक्साइड वायूचा असतो. सोड्याचा क्षार व व्हिनेगरचे अम्ल एकमेकांस मारून टाकतात आणि मागे पाण्यात विरलेला सोडियम ॲसिटेट नावाचे लवण राहते, जे डाग काढण्यास फारसे समर्थ नाही आणि गालिच्यातून काढावा मात्र लागतो. दोन्ही जिन्नस उपयोगी आहेत, पण वेगवेगळे आणि वेगवेगळ्या वेळी. मिठाचीही हीच कथा. सांडलेल्या पदार्थावर मीठ टाकण्याची सूचना वारंवार ऐकू येते. परंतु कोकणात व मुंबईत पावसाळ्यात मिठाची बरणी कशी पाझरते हे ज्याने पाहिले आहे, त्याने ते मीठ लवेच्या तळाशी राहिले तर काय होईल याचा विचार करावा. आणि ब्लीचिंगच्या द्रावणाविषयी तर स्पष्ट निषेधच केला पाहिजे: ते लोकरीचा रंग काढते एवढेच नव्हे, लोकर खाऊन टाकते. शिवाय ते व्हिनेगर किंवा इतर अम्लाशी मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि अमोनियाशी मिसळल्यासही घातक वायू निर्माण होतात. बंद खोलीत हा प्रयोग जिवावर बेतू शकतो.

लोकरीच्या गालिच्यास आपल्या देशातील अव्वल शोधक पदार्थ म्हणजे रिठा. त्याच्या टरफलात सॅपोनिन नावाची फेसाळ द्रव्ये असतात, जी मळ व तेलकटपणा उचलतात आणि साबणाप्रमाणे क्षारधर्मी नसतात. शाली व रेशमी वस्त्रे रिठ्याने धुण्याचा जुना दस्तूर याच अनुभवातून आला आहे. दख्खनच्या पठारावर विहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी दुष्फेन असते, त्यात साबणाचा पांढरा साका बनून लवेत अडकतो. रिठ्याचा असा साका होत नाही. दहा-बारा रिठ्यांच्या बिया काढून टरफले लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी मंद उकळून हाताने कुस्करावी आणि ते पाणी दुपदरी फडक्यातून गाळावे. हे पाणी तपकिरी असल्याने फिकट गालिच्यावर आणखी पातळ करूनच वापरावे. आणि पाणी गालिच्यावर न ओतता घुसळून केवळ फेसच स्पंजाने लावावा, म्हणजे पायापर्यंत ओल जात नाही. शेवटच्या टिपण्याच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातल्यास लोकरीस तिची सौम्य अम्लस्थिती परत मिळते.

डाग निघाला, तरी काम संपले असे समजू नये. वाळण्याच्या वेळीच कित्येक डाग परत येतात. वरची लव आधी सुकते, तिच्याकडे खालचे पाणी केशाकर्षणाने चढते, आणि पायात उरलेला रंग बरोबर घेऊन येते. यावर तजवीज अशी की शेवटी डागाच्या जागी पांढऱ्या जाड टॉवेलाची घडी घालून वर पाटा किंवा जड पुस्तकांची चळत रात्रभर ठेवावी, म्हणजे चढणारे पाणी लवेच्या टोकाशी न थांबता टॉवेलात जाते. रंगीत बांधणीची पुस्तके असल्यास मध्ये प्लॅस्टिकचा कागद घालण्याची खबरदारी घ्यावी. सकाळी गालिच्याची ती कड उचलून खाली वीट सरकवावी व पंखा लावावा, कारण फरशी व गालिचा यांच्यामध्ये कोंडलेला दमटपणा वरून दिसत नाही. आषाढ-श्रावणात पाण्याचे इलाज शक्य तितके टाळून केवळ टिपणे आणि कोरडी भुकटी यांवरच भागवावे, आणि मोठी धुलाई आश्विनातील कोरड्या उन्हावर टाकावी. अन्नाचा व घामाचा अंश राहिलेल्या लोकरीस कसर अधिक लागते, एवढे मात्र विसरू नये. कसरीच्या अळ्या केराटिनच खातात आणि अंधाऱ्या, न झाडलेल्या कोपऱ्यांतच वाढतात.

काही डाग असे असतात की त्यांपुढे घरातील कोणताही उपाय चालत नाही. मेंदीचा रंग केसांना ज्या कारणाने पक्का बसतो त्याच कारणाने लोकरीसही बसतो, कारण दोन्ही केराटिनच. आणि ब्लीचने उडालेला रंग हा तर डागच नव्हे, तो अभाव आहे. अशा जागी लव उंच असेल व रंग केवळ टोकास लागला असेल, तर बारीक कात्रीने ती टोके किंचित छाटून निभावते. गाठींच्या गालिच्यावर रफूगार बिघडलेल्या गाठी सुईने उसवून त्याच जागी नव्या गाठी मारतो, आणि काम चांगले असले तर पाठीमागून पाहिल्याशिवाय ते कळत नाही. मात्र त्यास लोकरीचा रंग जुळवून मिळणे फार कठीण जाते. त्यामुळे नवा गालिचा घेताना विणकराकडून किंवा व्यापाऱ्याकडून त्यातील प्रत्येक रंगाच्या लोकरीची एकेक लहान लडी मागून घ्यावी आणि कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह कागदी पाकिटात घालून कपाटात ठेवून द्यावी.